हिरवा दोरा

बाळंतपणाला तानुबाई सिन्नरला माहेरी गेली, तेव्हा नाशकातल्या आमच्या विडी कारखान्यात तिच्या जागी सुरय्या बसली. "ही तात्पुरती," मुकादम देवरामने सगळ्यांना बजावलं. "तानुबाई आली की उठायचं."

तात्पुरतीने जिची जागा तिचाच दोरा वापरायचा, अशी रीत होती. विड्यांच्या जुडीला प्रत्येकीचा वेगळा रंग, तानुबाईचा हिरवा.

तानुबाई मूल घेऊन परतली. सुरय्या निमूट उठली आणि मागच्या ओळीत, आजारी नवसाबाईच्या जागी, पिवळा दोरा घेऊन बसली.

संध्याकाळी देवरामने तानुबाईच्या बऱ्याच विड्या छाटात, म्हणजे नापास विड्यांच्या ढिगात, टाकल्या. "हिरव्याला काय झालं गं? मध्यंतरी एकही विडी छाटात जात नव्हती. व्यापारी मुद्दाम हिरवी जुडी मागायचा."

"तानू, तू गेलीस आणि तुझा हात सुधारला बघ!" कुसाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

तानुबाईच्या अंगाची आग झाली. दुसऱ्या दिवशी हिच्या विड्या सैल, तोंडं वाकडी. लक्ष सारखं मागे, सुरय्याच्या सुपात. दुपारी भाकरी खाताना तिने सुरय्याला गाठलंच.

"माझ्या दोऱ्यात तुला लय हुशारी सुचली व्हय?"

"मावशी, जागा तुमची होती. खराब करून कशी परत देणार?"

"मग चांगली करून दे म्हणून कुणी सांगितलं होतं?"

सुरय्याने उरलेली भाकरी फडक्यात गुंडाळली. डोळे भरलेले दिसले, तरी तानुबाईचा राग काही उतरला नाही.

तिने देवरामकडे दुसरा रंग मागितला. तो म्हणाला, "हिरवा बंद होणार नाही. तुला नको असेल तर मागं तात्पुरत्यांत बस. ही जागा मग सुरय्याची, कायमची."

आता ही भांडणार, असं आम्हाला वाटलं. तानुबाईने हिरव्या दोऱ्याची गुंडी उचलली, सुरय्याच्या सुपात टाकली आणि मूल काखोटीला मारून मागच्या ओळीत गेली.

"अगं, पक्की जागा सोडतेस?" कुसाबाई उठून उभीच राहिली. "नवसाबाई आली म्हंजे कुठं जाशील?"

"तू तुझं बघ. मला पुढं सरकून बसू दे."

सुरय्या पुढच्या जागेवर येऊन बसली आणि तानुबाई तिच्या पाठीशी, तिचे हात दिसतील अशी थोडी तिरकी. सुरय्याने पान ओलं केलं, जर्दा पसरला, अंगठ्याने कड आत दाबली. तानुबाईने डोळे न हलवता तेच केलं. विडी उलगडली. तिने ती मोडून पुन्हा पान घेतलं.