किल्ली दिसली की

त्या रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचा हात न सोडता एक तर्जनी वर करायची. ओळख असो नसो. जो करत नाही तो एक तर शहरातला, नाहीतर शिष्ट. ॲथॉल नोस्के ब्याऐंशी वर्षांचा होता, त्यातली साठ वर्षं त्याने त्याच रस्त्याकडेच्या शेतात गहू काढला होता, आणि शिष्ट म्हणवून घेण्याची त्याची अजिबात तयारी नव्हती. म्हणून गेलं वर्षभर त्याने एक युक्ती काढली होती. बाजूने काहीतरी सरकल्यासारखं वाटलं की बोट वर. काय सरकलं याची चौकशी करायची नाही.

रोज दुपारी तो पिकअप काढून तीस किलोमीटरवरच्या वेराबीला जाई. तिथल्या वृद्धाश्रमात त्याची बायको बेरिल होती. बेरिलचं बरंचसं पुसलं गेलं होतं. नर्सला ती 'आई' म्हणे, आणि नवऱ्याला 'मिस्टर'. तासभर मिस्टर तिच्यापाशी बसत, तिला सूप भरवत, मग उठून खिशातून गाडीची किल्ली काढत. किल्ली दिसली की बेरिल मान वर करून म्हणायची, "सावकाश चालव, ॲथॉल."

छप्पन्न वर्षं स्वयंपाकघराच्या दारातून ती हेच म्हणत आली होती. आता दिवसभरात त्याचं नाव तेवढंच एकदा तिच्या तोंडी येई. ॲथॉल त्यासाठी जायचा. सूप काय, कुणीही भरवलं असतं.

पंचाहत्तरी उलटली की लायसन्ससाठी दर वर्षी डॉक्टरचा फॉर्म लागतो. आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरने तो फॉर्म पावसापाण्याच्या गप्पा मारत भरला होता. या वर्षी त्याच्या जागी नदीशा विजेरत्ने होती, श्रीलंकेहून आलेली, आणि तिला फॉर्म वाचून भरायची वाईट खोड होती.

रक्तदाब झाला, गुडघे झाले. भिंतीवरचा तक्ता ॲथॉलने शेवटच्या ओळीपर्यंत फाडफाड वाचून दाखवला.

"बघ! चष्म्याशिवाय," तो म्हणाला.

"छान. आता माझ्या नाकाकडे बघा. नाकावरून नजर हलवायची नाही. बाजूला माझं बोट हललं की 'हो' म्हणा."

ॲथॉलने नाकाकडे बघितलं. नाक स्वच्छ दिसत होतं. बाजूला काहीच नव्हतं, पण काहीच नाही म्हणून गप्प बसणाऱ्यांतला तो नव्हता. त्याने मनात तीन आकडे मोजले.

"हो," तो म्हणाला. थोडं थांबून, "हो." मग जरा विचार केल्यासारखं करून, "हो."

"ॲथॉल, माझे दोन्ही हात मांडीवर आहेत."

"कधीपासून?"

"बसल्यापासून."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मग काय झालं? गाडी समोरच जाते ना? आडवी थोडीच चालवतो मी?"

"पोरं आडवीच येतात रस्त्यात. कांगारूसुद्धा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवते तुम्हाला. असलेली नजर थेंबांनी टिकेल, गेलेली परत येईल असं वाटत नाही. मला यावर सही करता येणार नाही. आणि आज इथून गाडी चालवत जायचं नाही."

"एकसष्ट वर्षांत एक ओरखडा नाही माझ्या गाडीला!"

"माहितीये. तो उमटायच्या आतच थांबायचं."

बाई चुकीचं बोलत नव्हती, त्यामुळेच त्याला तिचा जास्त राग आला. त्याने किल्ली टेबलावर आपटली आणि शेजारच्या नोरीनला फोन लावायला सांगितलं.

नोरीन शाळेची बस चालवायची. मुलं घरी सोडून ती आपल्या गाडीने आली आणि त्याला घेऊन निघाली. वाटेतल्या डीटरच्या शेताच्या कोपऱ्यावर तिने वेग कमी केला.

"तो हार्वेस्टर दिसतोय?"

ॲथॉलने पूर्ण मान वळवली तेव्हा त्याला दिसला. चाकं काढलेला, विटांवर उभा.

"महिनाभर तू त्याला बोट वर करून नमस्कार घालतोयस. रोज. क्लबात हसून हसून पोट दुखलं आमचं." तिने गिअर बदलला. "तेव्हाच बोलायला हवं होतं रे मी. माझ्या बसमध्ये एकवीस पोरं असतात. आणि मी हसत बसले."

बस रोज याच रस्त्याने येते, आणि ती आपल्याला महिनोन् महिने दिसलेली नाही, एवढंच ॲथॉलच्या डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी नोरीनच्या नवऱ्याने पिकअप आणून आपल्या शेडमध्ये लावली, किल्ली नोरीनच्या स्वयंपाकघरात खिळ्याला गेली, आणि बस कंपनीला विचारून नोरीनने ॲथॉलला आपल्या मागची सीट दिली. सकाळी साडेआठला वेराबी, तीनला परत. एका तासाऐवजी बेरिलबरोबर अख्खा दिवस. यात तोटा तो काय, असं नोरीन म्हणाली.

तीनला बाहेर हॉर्न वाजला. ॲथॉल रिकाम्या हातांनी उठला. बेरिलने त्याच्याकडे पाहिलं आणि पाहुण्याला द्यावा तसा हात पुढे केला.

"आलात, बरं वाटलं, मिस्टर."

परतीच्या वाटेवर मुलांनी त्याला चॉकलेट देऊ केलं. त्याने घेतलं नाही.

सकाळी तो बसच्या आधी नोरीनच्या दारात उभा.

"किल्ली दे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? परवाच काय बोललो आपण?"

"गाडी राहू दे तुझ्याकडेच. मला फक्त किल्ली हवीये." आणि मग त्याने तिला सांगितलं. दारात उभ्या उभ्या, चार वाक्यांत. एवढं त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

नोरीनने नाक ओढलं, शेडमध्ये जाऊन आधी पिकअपची बॅटरी काढली, आणि मग किल्ली त्याच्या हातावर ठेवली. ॲथॉलला त्याचा राग आला नाही. तिच्या जागी असता तर त्यानेही काढली असती.

तीनला हॉर्न वाजला. ॲथॉल उठला, खिशातून किल्ली काढली आणि जरा खुळखुळवली.

बेरिलने मान वर केली. "सावकाश चालव, ॲथॉल."

"हो," तो म्हणाला. आणि बाहेर जाऊन नोरीनच्या मागच्या सीटवर बसला.