सातचा कागद

थोरलीने गुंडाळीचं टोक डाव्या अंगठ्याखाली दाबलं आणि उजव्या हाताने कागद टेबलभर सोडला. कागद पिवळा पडला होता, शाई मात्र तशीच होती. काळी, बारीक, ओळीखाली ओळ. समोरच्या संशोधक बाईंनी कॅमेरा उचलला.

"थांब. सावली पडतेय," थोरली म्हणाली. "तुझ्याच डोक्याची. हो बाजूला."

बाई बाजूला झाल्या. चाळिशीच्या होत्या, वेधशाळेत त्यांच्या हाताखाली सहा माणसं होती, पण या घरात तीन दिवसांत त्या बाजूला व्हायला चांगल्याच शिकल्या होत्या.

डोंगर म्हणजे जुना ज्वालामुखी, आणि त्याच्या पायथ्याला हादरे टिपणाऱ्या यंत्राची खोली होती. तिथे थोरलीने रोज सकाळी सात वाजता कागद बदलला, अठरा वर्षं. लोखंडी रूळ, त्याला गुंडाळलेला कागद, कागदावर टेकलेला काटा. डोंगराच्या पोटात काही हललं की काटा थरथरायचा. एक ओळ पाव तासाची. चोवीस तासांत कागद भरायचा, तो उतरवायचा, तारीख घालायची, नवा चढवायचा. पुढे बिनतारी यंत्रं आली, खोलीला कुलूप लागलं आणि कचेरीने निरोप धाडला की जुने कागद जाळून टाका. थोरलीने ते हातगाडीवर लादून घरी आणले. अठरा वर्षांचा डोंगर तिच्या पलंगाखाली आणि माळ्यावर रचून ठेवलेला होता.

खोली सुटली, सात वाजणं सुटलं नाही. रोज त्या वेळेला तिच्या कानात काट्याची खरखर सुरू व्हायची. ओल्या शाईची, बारीक, न थांबणारी. हातातलं काम टाकून ती उभी राहायची आणि थोडा वेळ कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही.

"हे बघ, ही गाडी गेलेली," तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "हा वारा. आणि हे तुमच्या जुन्या साहेबांचं जडशीळ शरीर जिना चढतंय."

"आणि डोंगर?"

"डोंगर असा नसतो. डोंगर आतून येतो. आधी ओळ जाड होते, मग केस उभे राहिल्यासारखी होते. मी तिसरीत शाळा सोडली, पण त्याचं अक्षर मला लागतं. तुमचं लागत नाही, ते औषधाच्या चिठ्ठीसारखं."

बाई हसल्या. मग वहीतल्या तारखांवरून पेन फिरवत त्या एका जागी थांबल्या.

"मावशी, सगळे दिवस आहेत. एकच नाही. स्फोटाचा."

थोरलीने पुढची गुंडाळी उचलली.

"काटा अडकला होता. कागद कोराच निघाला. फेकून दिला."

एकतीस वर्षं ती हेच सांगत होती. त्या दिवशी दुपारी चारला डोंगर फुटला तेव्हा गंधकाच्या खाणीत अकरा माणसं होती. त्यांत तिचा नवरा होता आणि धाकटा दीर होता. चौकशीला आलेल्यांनाही तिने हेच सांगितलं होतं. तिच्या तोंडासमोर उलटा प्रश्न विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"महिनाभर डोंगर पुन्हा कुरकुरतोय. धोक्याचा भोंगा कशावर वाजवायचा, हे आम्हाला या आठवड्यात ठरवायचंय. गेल्या वेळी त्याने आधी इशारा दिला असेल, तर तसा इशारा दिसताक्षणी आम्ही खाण रिकामी करू शकतो. आणि अजिबात दिला नसेल, तर भोंग्यावर विसंबून कुणाला वर पाठवण्यात अर्थ नाही. तो एक कागद असता तर समजलं असतं. आता अंदाजच करायचा."

"मग करा की अंदाज. पगार कशाचा घेता?"

धाकटी जाऊ चहाचे कप घेऊन आत आली. ती चालायची ती पायाखाली कुणी झोपलं असावं अशी. दोघी एकाच वर्षी या घरात आल्या, एकाच दिवशी विधवा झाल्या आणि धाकटीच्या पोटचा एकुलता मुलगा दोघींनी मिळून वाढवला. थोरलीने त्याला अभ्यासाला बसवून मारलं, धाकटीने पाठीमागून कुरवाळलं. आता तो खाणीत मुकादम होता.

"त्याचा फोन आला होता," धाकटी म्हणाली. "सकाळपासून दोनदा हललं म्हणे वर. पण काळजी करू नका म्हणाला. माणसं वर खाणीतच बसलीत, हसतायत म्हणे."

"हसतायत?" थोरलीने विचारलं.

"हो. कुणीतरी म्हणालं, डोंगराला ढेकर आला."

कपाटातल्या काचेच्या पेल्यांनी बारीक किणकिण केली आणि ती थांबली. तिघींनीही पेल्यांकडे पाहिलं नाही. उघड्या खिडकीतून गंधकाचा वास येत होता, कुजक्या अंड्यांचा, हल्ली रोज येतो तसा.

थोरली उठली. आतल्या खोलीत पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. धाकटीने बाईंच्या कपावर बशी झाकून ठेवली.

थोरली परत आली तेव्हा तिच्या हातात एक गुंडाळी होती. जुन्या साडीच्या काठाने बांधलेली. गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी सोडवली.

"हा कोरा नाही," ती म्हणाली. "मी कधी उघडला नाही. राख बसत होती, तशात जाऊन मी तो रुळावरून काढला आणि न बघता गुंडाळला."

धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"कागद सातला बदलायचा. त्या दिवशी मी गेले नाही, उजाडायच्या आत धुणं घेऊन नदीवर निघून गेले." थोरलीचा आवाज नेहमीसारखाच होता, कुणाला तरी झापत असल्यासारखा. "आदल्या दिवशी माझ्याकडून कागदाचा जोड उलटा चिकटला. काटा दर फेऱ्याला जोडावर ठेचकाळत होता. तुमच्या साहेबांनी पाहुण्यांसमोर म्हटलं, शिकलेलं माणूस ठेवायला हवं होतं. पाहुणे हसले. आमचे हे पाणी घेऊन आले होते, तेही हसले. मी म्हटलं, बसू दे उद्या काटा घासत. पायघड्या घालून बोलवायला येतील, तेव्हा जाईन."

"कुणी आलं?" बाईंनी विचारलं.

"कुणाला कळलं तर येतील ना. मी जात नाही असं कधी झालंच नव्हतं."

तिने कागद उलगडला. तो कडक झाला होता आणि पुन्हा पुन्हा गुंडाळून जात होता. बाईंनी दोन कोपऱ्यांवर कप ठेवले. वरून जवळजवळ खालपर्यंत शांत ओळी होत्या, सरळ, विंचरल्यासारख्या. तळाशी मात्र एक काळा पट्टा होता. कागद संपल्यावर काट्याला पुढे जागा उरली नव्हती आणि तो त्याच ओळीवर सकाळपासून दुपारपर्यंत फिरत राहिला होता. शाईने कागद फाटायच्या बेताला आला होता.

बाई वाकल्या. पट्ट्यावर नजर फिरवून त्यांनी पटकन मान वर केली.

"मावशी, यातून नक्की काही सांगता येणार नाही. ओळीवर ओळ पडलीय. तुम्ही गेला असतात तरी..."

"मला शिकवतेस?"

थोरलीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. तिचं बोट पट्ट्यावर टेकलं. रोजच्या ओळीला नखाएवढीही रुंदी नसायची, हा पट्टा दोन बोटांएवढा होता. तिथून बोट वर सरकलं, पट्ट्याच्या आधीच्या ओळीवर. मग आणखी वर. एक, दोन, तीन, चार. चौथ्या ओळीशी ते थांबलं.

"इथून," ती म्हणाली.

बाईंनी खिशातून भिंग काढलं, पण डोळ्याला लावलं नाही.

"बोल. इथून जाड झालीय की नाही?"

"झालीय."

"चार ओळी म्हणजे एक तास. कागद सातला संपतो. म्हणजे सहाला तो बोलायला लागला होता. सातला मी दारातून आत गेले असते, तर शाई ओली असताना दिसलं असतं. फोन टेबलावरच होता." तिने बोट उचललं. "लिहून घे. दहा तास आधी इशारा होता. आणि कागद का बदलला नाही, तेही लिही. यंत्र बिघडलं असं लिहू नकोस. यंत्र चांगलं होतं."

बाईंनी वही ओढली. तारीख घातली. वेळ घातली.

"हे कचेरीत सगळे वाचतील, मावशी. गावातही समजेल."

"आमचं सोडून नऊ घरं आहेत. मला पत्ते पाठ आहेत. भोंगा किती वाजता लावताय ते बोल."

"आज. आत्ता इथूनच फोन करते. वरच्या यंत्रांची ओळ जाड झाली की लगेच वाजेल."

"ती झाली नाही अजून?"

"सकाळपासून होतेय." बाई उठून उभ्या राहिल्या होत्या, फोन कानाला होता. पलीकडे कुणीतरी बोलायला लागलं. त्यांनी फक्त आकडे सांगितले, चार ओळी, एक तास, दहा तास, आणि शेवटी म्हणाल्या, "खाली आणा. सगळ्यांना. हो, माझ्या जबाबदारीवर."

गावावरून भोंगा वाजला तेव्हा चहावर साय धरली होती. आधी तो घोगरा निघाला, वर्षानुवर्षं न वापरलेल्या गळ्यासारखा, मग मोकळा झाला. बाहेर कुत्री भुंकायला लागली, कुणीतरी पळत गेलं.

धाकटी अजून चौकटीला टेकूनच होती. ती टेबलापाशी आली आणि तिने कागदाकडे पाहिलं, जिथे थोरलीच्या बोटाचा घाम लागून एक ओलसर ठिपका उमटला होता.

"जाऊबाई, सात म्हणालात ना?"

"सात."

"सातला आमचे हे घरीच होते," धाकटी म्हणाली. "चपलेचा अंगठा तुटला होता. मी म्हटलं, राहू दे आज, नका जाऊ. तर म्हणाले, दादा एकटा जाईल मग. बसून शिवत होते. आठला निघाले दोघं."

भोंगा वाजतच होता. बाईंचं पेन थांबलं होतं. थोरलीने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

मग तिने वही बोटाने बाईंकडे सरकवली.

"हेही लिही," ती म्हणाली. "आठ."