कचऱ्यात जायचं ताट

लोसालिनीची चौकशी लागली, कारण तिने रुग्णाचं जेवण खाल्लं होतं. रुग्ण सकाळीच घरी गेला होता, तरी त्याच्या नावाचं ताट वॉर्डात आलं. त्याचं झाकणही कुणी उघडलं नव्हतं. नियमाप्रमाणे ते कचऱ्यात जायचं. भांड्यांच्या खोलीत उभ्याउभ्याच तिने कुस्करलेला बटाटा आणि कस्टर्ड संपवलं, आणि एका नर्सने पाहिलं.

पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवरून ब्रिस्बेनला नर्सिंग शिकायला आलेली पोर. शिकाऊ म्हणून इस्पितळात दिवसभर बिनपगारी राबायचं, त्यापायी तिची दुकानातली नोकरी सुटली होती. मी नोएलीन. नवरा गेल्यावर उतारवयात विद्यापीठात शिकायला आले आणि विद्यार्थ्यांना फुकट शिधा देणारी खोली सांभाळू लागले. बेटांवरची सगळी पोरं मला मावशी म्हणतात, म्हणून चौकशीला तिने मलाच सोबत नेलं.

नर्सिंग विभागाच्या प्रमुख हॅलमबाई गोड आवाजात म्हणाल्या, "भूक लागली होती तर सांगायचंस गं. आपली शिध्याची खोली आहे ना."

"ती दुपारी उघडते," लोसालिनी म्हणाली. "दुपारी मी वॉर्डात असते. तुम्हीच पाठवलंय."

"मैत्रिणीला आणायला सांगायचं."

"ज्याचं ओळखपत्र त्यालाच शिधा, हा तुमच्याच कचेरीचा नियम," मी म्हणाले. "वेळ बदला म्हणून किती विनवलं तुम्हाला."

"तेवढी तरतूद नाही, नोएलीन."

"त्याच खोलीच्या उद्घाटनाला कालवं आणि वाइन होती. त्याची बरी तरतूद झाली."

बाईंचा चेहरा कडक झाला. "विषय वर्तनाचा आहे. याला चोरी म्हणतात."

लोसालिनी इतका वेळ खाली बघत होती. आता तिने मान वर केली. "बाई, माझ्या आईच्या दारात भुकेलं माणूस आलं तर ती आधी ताट वाढते, कोण-कुठला ते मागाहून. तासभर झाला मी इथे बसलेय. जेवलीस का, एवढं तरी विचारा."

त्यांनी विचारलं नाही. माफी लिहून दे, नाहीतर इस्पितळातलं काम पुन्हा पहिल्यापासून कर, असा निकाल दिला. लोसालिनीने माफी लिहिली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच मी शिध्याची खोली उघडली, कुणाला न विचारता. गणवेशातली पोरंपोरी येत राहिली. इतकी असतील असं मलाही वाटलं नव्हतं. एक जण दारातच पावाचं पाकीट फोडून खाऊ लागला. आठवड्याच्या आत कचेरीने माझी किल्ली काढून घेतली. मग आम्ही बाहेर हिरवळीवर टेबल मांडलं. चर्चमधल्या टोंगन बायका उकडलेले तारोचे कंद आणि मटणाचे डबे घेऊन आल्या. पोरांच्या प्रवेशाची चौकशी करायला आलेले पालक थांबून विचारू लागले, तेव्हा कुठे विद्यापीठाची झोप उडाली.

आता खोली सकाळ-संध्याकाळ उघडी असते. हॅलमबाईंनी तिथे उभं राहून फोटोही काढून घेतला.

लोसालिनी मात्र तेच काम पुन्हा करतेय, फुकट. मी तिच्या डब्यात दोघींचं जेवण भरते, कारण वॉर्डात तिच्यासोबत शिकणारी मुलगीही उपाशीच येते.