हिरव्या टाइल्सचा फोटो

हिस्केने कोट खुंटीला अडकवला आणि दारापासूनच हात मिळवायला सुरुवात केली. थोरल्या बहिणीला ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून रीतीप्रमाणे भाच्याचं, वीबेचं अभिनंदन, भाच्याच्या बायकोचं अभिनंदन, शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही अभिनंदन. खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. त्या गोलातून एकेकाचा हात हातात घेत ती शेवटी बहिणीपाशी, ग्रीतपाशी पोचली. ग्रीतने तीनदा गाल पुढे केला.

"उशीर केलास."

"पूल उघडा होता. बोटींसाठी गाड्या थांबवल्या होत्या."

"गेल्या वर्षीही पूलच उघडा होता."

सगळे हसले. पूल उघडा नव्हता. कोपऱ्यावर गाडी थांबवून हिस्के पंधरा मिनिटं नुसती स्टिअरिंग धरून बसली होती.

ग्रीत फसवली गेली त्याला तीन आठवडे होत आले होते. एका दुपारी तिच्या फोनवर निरोप आला: आजी, मी रिन्से, फोन पाण्यात पडला, हा नवा नंबर, खोलीचं भाडं आजच भरायचंय, मदत कर. रिन्से म्हणजे तिचा नातू, ग्रोनिंगेनला शिकतो. ग्रीत काही भोळीभाबडी नव्हती. तिने उलट विचारलं, रिन्सेच असशील तर आजोबांचा वाढदिवस सांग. लगेच उत्तर आलं: सतरा नोव्हेंबर. बरोबर होतं. मग तिने पैसे पाठवले, आणि संध्याकाळी खऱ्या रिन्सेचा त्याच्या जुन्याच नंबरवरून फोन आला, नेहमीसारखा, आजी जेवलीस का म्हणून.

असा प्रश्न विचारायला शिकवलं होतं हिस्केने. दर बुधवारी गावच्या वाचनालयात ती म्हाताऱ्या माणसांना शिकवायची: अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, पासवर्ड कुणाला सांगू नका, आणि शंका आली तर असं काही विचारा, जे फक्त घरच्यांनाच ठाऊक असेल. पहिल्या रांगेत ग्रीत बसायची आणि वहीत उतरवून घ्यायची.

फसवणूक झाली त्या रात्री हिस्केला झोप लागली नाही. सतरा नोव्हेंबर त्या चोराला कळलं कसं? पहाटे ती उठून संडासात गेली, बसली, आणि समोरच्या भिंतीकडे बघता बघता तिला उत्तर सापडलं.

गावात सगळ्यांच्याच घरी संडासात असतं तसं वाढदिवसांचं कॅलेंडर तिथे टांगलेलं होतं. बसल्या बसल्या नजर पडावी, कुणाचा दिवस चुकू नये, म्हणून. फक्त इतरांकडे महिन्याला एक पान असतं. हिस्केला पानं उलटायचा कंटाळा, म्हणून तिने बारा महिन्यांचा एकच मोठा तक्ता स्वतः आखला होता. चाळीस वर्षं शाळेच्या कचेरीत काढलेल्या बाईचं अक्षर, छापल्यासारखं. 'रिन्से, वीबेचा मुलगा, ग्रोनिंगेन.' सतरा नोव्हेंबरला 'सीत्से, ग्रीतचा नवरा', आणि त्याच्यापुढे छोटासा क्रूस. गेलेल्या माणसाला तक्त्यावरून खोडत नाहीत.

आणि या भिंतीचा फोटो तिने स्वतः काढून घराची डागडुजी स्वतः करणाऱ्या हौशी लोकांच्या एका ऑनलाइन गटात टाकला होता. एकोणसत्तराव्या वर्षी एकटीने बसवलेल्या हिरव्या टाइल्स! शंभरावर लोकांनी वाहवा केली होती. ग्रीतनेही खाली आपल्या पूर्ण नावानिशी लिहिलं होतं, 'शाब्बास, धाकटे.' नाव, गाव, सगळी वंशावळ. फोन नंबर शोधायला असा कितीसा वेळ लागणार? हिस्केने फोटो बोटांनी मोठा केला. तक्ता अक्षर न् अक्षर वाचता येत होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तिने फोटो काढून टाकला आणि कुणाला काही सांगितलं नाही. लाज वाटली, एवढंच खरं कारण. दर बुधवारी लोक तिच्याकडे ज्या नजरेने बघत, ती नजर तिला गमवायची नव्हती.

मार्लूसने, वीबेच्या बायकोने, गुलाबी साखरेचा केक वाटला. प्रत्येकाला एक तुकडा, एक कप कॉफी. वीबेने कप खाली ठेवला आणि बॅगेतून एक कागद काढला.

"आई, आज मी आहे तोवर हे उरकू. सही केलीस की बँकेचं सगळं मी बघेन. टॅब्लेटही घेऊन जातो. पुन्हा नको ती भानगड."

"टॅब्लेट कशाला? शनिवारी आल्टिये असते," ग्रीत म्हणाली. आल्टिये तिची बालमैत्रीण, साठ वर्षांपूर्वी कॅनडाला गेलेली. दर शनिवारी दोघी पडद्यावर एकमेकींसमोर बसून विणकाम करत आणि गावच्या कुचाळक्या करत.

"आल्टियेला पत्र लिही."

"तिला आता वाचायला दिसत नाही रे. आणि मी त्याला विचारलं होतं, वीबे. तुला सांगते ना, त्याने बरोबर तारीख सांगितली."

"आई, बोलण्याच्या ओघात तूच सांगून गेली असशील. ऐंशीव्या वर्षी होतं असं, त्यात काय एवढं." त्याचा सूर मऊ होता आणि तेच जास्त वाईट होतं. "हिस्के मावशी, तू तर यातली जाणकार. तूच सांग हिला."

सगळ्या गोलाने हिस्केकडे पाहिलं. तिच्या तोंडात केकचा घास होता. तो तिने जरुरीपेक्षा जास्त वेळ चावला.

"वीबे काळजीपोटीच म्हणतोय," ती म्हणाली.

ग्रीतने मान डोलावली. मग "चीज आणते" म्हणून उठली आणि स्वयंपाकघरात गेली. हिस्के बशी खाली ठेवून मागोमाग गेली.

ग्रीत पाठमोरी उभी राहून चीजचे चौकोनी तुकडे करत होती. हिस्केने दार ओढून घेतलं.

"ग्रीत, तू काही सांगून गेली नव्हतीस. माझ्या संडासातला तो तक्ता... टाइल्सच्या फोटोत तो आला होता. त्यात सगळं होतं. सीत्सेची तारीखसुद्धा."

सुरी थांबली नाही.

"माहीत आहे मला."

"काय?"

"फसले त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच तो फोटो बघायला गेले. मलाही प्रश्न पडलाच होता, त्याला कळलं कसं? तर फोटो गायब. शंभर लोकांनी वाखाणलेला फोटो कुणी उगीच काढून टाकतं का?"

हिस्के ओट्यापाशी आली.

"मग बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? चूक तुझी, तोंड तुझं." ग्रीतने ताटात तुकड्यांशेजारी मोहरीच्या चटणीची बाटली ठेवली, मग पुन्हा उचलून बाजूला केली. "म्हटलं, येईल, सांगेल. पहिला रविवार गेला. दुसरा गेला. मघाशी वीबेने तुला विचारलं तेव्हा तर वाटलं, आता सांगतेच ही. आणि तू केक खात बसलीस."

"मला लाज वाटली गं."

"आणि मला? वीस दिवस पोरगा माझ्याशी बालवाडीतल्या पोराशी बोलावं तसं बोलतोय. माझंच मला वाटायला लागलं होतं, सांगितली असेल का मीच तारीख? तक्ता आठवायचा आणि म्हणायचे, नाही, मी शहाणी आहे अजून." तिने नाक पुसलं, हात धुतले, ताट उचललं. "दार उघड. माझे हात भरलेत."

हिस्केने दार उघडलं.

बाहेर मार्लूसने टॅब्लेटची तार गुंडाळून वर रबरबँड लावलं होतं. वीबेने पेनाचं टोपण काढून कागद कॉफीच्या कपांमधून आईच्या खुर्चीकडे सरकवला होता. ग्रीतने ताट फिरवायला दिलं, खाली बसली आणि चष्मा शोधू लागली. हिस्केची खुर्ची समोर रिकामी होती. हिस्के त्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि तिने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"वीबे, तो कागद राहू दे. तुझ्या आईने बरोबर प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर..." तिने ग्रीतकडे पाहिलं. "त्याचं उत्तर चोराला मी दिलं. माझ्या मूर्खपणाने. आणि हे मला तीन आठवडे माहीत होतं."

चीजचं ताट कुणाच्या तरी हातात अर्ध्यावरच थांबलं. वीबेने आईकडे पाहिलं, मग मावशीकडे. शेजारच्या म्हाताऱ्या यापने कानामागे हात नेला आणि बायकोला विचारलं, काय म्हणाली ती? बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

"मोठ्याने बोल," ग्रीत म्हणाली. "यापला ऐकू आलेलं नाही."

हिस्केने पहिल्यापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली, या खेपेला मोठ्याने.