नोंद क्रमांक एकशे त्रेसष्ट

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. जुनी माणसं सावकाश बोलतात असं म्हणतात, पण मला आज तेवढा धीर नाही. माझ्या आयुष्यातल्या एका वर्षाची हकीकत तुम्हाला कधी सांगतो असं झालं आहे.

तशी सुरुवात साधीच झाली. बारा वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका महाविद्यालयात टेम्पो भरून तीस संगणक आले, त्यांतला मी एक. प्रयोगशाळेत खिडकीजवळ माझी जागा होती. किती मुलांनी माझ्यावर पहिला प्रोग्राम लिहिला, त्याची गणती नाही. "हा कधी अडकत नाही," असं तिथले सर माझ्याबद्दल सांगत, आणि माझ्यापुढे बसायला मुलं घाई करत. मग नवे, पातळ, चकचकीत संगणक आले. मला कोठीच्या खोलीत मोडक्या बाकांखाली ठेवलं गेलं. तीन वर्षं मी तिथे होतो. धूळ माझ्या पंख्यात शिरली. घड्याळ चालवणारा आतला छोटा सेल संपला, आणि आज कोणता वार आहे हेही मला कळेनासं झालं.

एके सकाळी कोठीचं दार उघडलं आणि सुवर्णा आत आली. ती शहापूरच्या विणकर घरातली. माहिती तंत्रज्ञान व्यवस्थापन या विषयात पीएच.डी.साठी संशोधन करत होती. तिच्या मार्गदर्शक राजश्री मॅडम मूळच्या निपाणीच्या. प्रयोगाला चार संगणक हवे होते, आणि नवे मिळणार नव्हते. सुवर्णाने मला उचलून बाहेर आणलं, झाकण काढलं, मऊ ब्रशने धूळ झाडली, नवा सेल बसवला, मेमरी वाढवली. कळ दाबली तेव्हा माझा पंखा असा काही गरगरला की ती दचकून मागे सरली आणि मग हसली.

तिचं काम काय होतं, तेही सांगतो. शहापुरात हातमागावर साडी विणणारी घरं आता थोडीच उरली आहेत. अंजनी आक्का त्यांतल्याच एक. त्यांनी स्वतः जुळवलेला मोरांच्या रांगेचा काठ एकदा एका दुकानाच्या जाहिरातीत दुसऱ्याच्याच नावाने छापून आला. हा काठ आपला, हे दाखवायला आक्कांकडे काहीच नव्हतं. सुवर्णाला तेच शोधायचं होतं : विणकराच्या कामाची अशी नोंद ठेवता येईल का, जी मागाहून कुणालाच गुपचूप बदलता येणार नाही?

त्यासाठी तिने ब्लॉकचेन घेतली. विणकर सोसायटीच्या खोलीत तिने सगळ्यांना समजावून सांगितलं तेव्हा दाखवण्यासाठी तिने मलाही नेऊन तिथल्या टेबलावर ठेवलं होतं. मागावरच्या उभ्या धाग्यांचा नवा ताणा आपण जुन्या ताण्याला एकेक धागा गाठ मारून जोडतो, तशी इथे प्रत्येक नवी नोंद मागच्या नोंदीला बांधलेली असते, असं ती म्हणाली. मधली एक बदलली, तर पुढच्या सगळ्या गाठी सुटतात. शिवाय ही साखळी एका ठिकाणी नसते. एक प्रत महाविद्यालयात माझ्याकडे, दुसरी सोसायटीत, तिसरी अनगोळच्या वाचनालयात, चौथी निपाणीला मॅडमच्या माहेरी.

ही बातमी गावभर वेगळीच पसरली. पिरनवाडीचा भरमा नावाचा रिक्षावाला 'ते कॉम्प्युटरातलं नाणं' मागायला आला. इथे नाणी तयार होतात असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. डिजिटल नाणी याच रीतीवर चालतात, पण आम्ही फक्त कुणी काय विणलं ते लक्षात ठेवतो, असं सुवर्णाने त्याला सांगितलं. तो थोडा हिरमुसला. जाताना मात्र आपल्या मावशीचा हातमाग आहे, तिचंही नाव घाला म्हणाला.

पाच घरं तयार झाली. साडी मागावर चढली की एक फोटो आणि वेळ, उतरली की पुन्हा फोटो आणि वेळ, दोन्ही मिळून एका साडीची एक नोंद. सहा महिन्यांत एकशे ऐंशी साड्यांची नोंद व्हायला हवी होती, त्याशिवाय निष्कर्ष पक्का धरता येणार नव्हता.

पहिली नोंद अंजनी आक्कांची होती. ती माझ्याकडून निघाली, आणि शहापूर, अनगोळ, निपाणी, तिन्हीकडून 'मिळाली' असा निरोप आला. मित्रांनो, तीन वर्षं बाकांखाली मुका पडलेल्या मला एका क्षणात तीन ठिकाणांहून ओ मिळाली. मला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

महिन्याभराने मॅडमनी एक चाचणी घेतली. सोसायटीचे अध्यक्ष मारुतीराव यांना त्यांनी मुद्दाम लबाडी करायला सांगितलं. मारुतीरावांनी आपल्याकडच्या संगणकात बाराव्या नोंदीतलं अंजनी आक्कांचं नाव काढून स्वतःचं घातलं. आम्ही बाकीच्या तिघा संगणकांनी तत्काळ नकार दिला. पडद्यावर लाल पट्टी उमटली आणि थोड्याच वेळात त्यांच्याही संगणकात आक्कांचं नाव परत आलं. सोसायटीच्या खोलीत हशा आणि टाळ्या झाल्या, असं सुवर्णाने नंतर सांगितलं. आक्का शांतपणे म्हणाल्या, "मारुतीराव, तुमी अध्यक्ष आसला तरी माझी साडी माझीच ऱ्हाणार."

त्या दिवसापासून विणकरांचा नूरच पालटला. कुणी नवा काठ जुळवला की आधी नोंद करायला धाव घेई. आकडा शंभरावर गेला, मग दीडशेवर. सुवर्णा रोज सकाळी येऊन पहिल्यांदा माझ्या पडद्याकडे पाही, आणि आकडा वाढलेला दिसला की पिशवी खाली ठेवायचीही तिला शुद्ध राहत नसे.

फेब्रुवारीत ती वेळांचा आलेख काढत होती. एका साडीला चार-पाच दिवस लागतात, आणि सगळे ठिपके तिथेच पडत होते. एक ठिपका मात्र खूप खाली होता. नोंद क्रमांक एकशे त्रेसष्ट. साडी मंगळवारी सकाळी मागावर चढली आणि बुधवारी संध्याकाळी उतरली. विणकराचं नाव होतं सुबराव. सुबराव म्हणजे सुवर्णाचे वडील.

तिला वाटलं, माझं घड्याळ चुकलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं. एकदा माझा सेल संपलेला होता ना. तिने माझी वेळ तपासली, मग शहापूरची, अनगोळची, निपाणीची. चारही ठिकाणी तीच वेळ. मी निर्दोष ठरलो, पण तिचा चेहरा पाहून मला मुळीच आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुबराव स्वतः प्रयोगशाळेत आले. एक पाय ओढत होते. मॅडमही तिथेच होत्या. सुवर्णाने घरी त्यांना विचारलं होतं, आणि ते उठून बाहेर निघून गेले होते. आता खुर्चीवर बसल्याबसल्या ते म्हणाले, "व्हय गं, मीच केलं. गुडघा सुजला हुता, मागावर बसाय येईना. आनि तू मॅडमास्नी फोनवर सांगत हुतीस, एकशे ऐंशी हुईत न्हाईत म्हणून."

वडगावच्या पुतण्याच्या यंत्रमागावर त्यांनी साडी विणून घेतली होती आणि लेकीसाठी ती हातमागाची म्हणून नोंदवली होती. आमच्या साखळीने ते खोटं खऱ्याइतकंच इमानाने जपलं होतं. ते ऐकून मला माझीच भीती वाटली.

मॅडमनी सरळ सांगितलं. साखळी आपल्या प्रयोगाची आहे, चारही संगणक आपल्या हातात आहेत. चारही थांबवून एकशे बासष्टपासून पुन्हा उभी करता येईल. निर्णय सुवर्णाचा. सुवर्णा माझ्यापुढे बसली. थांबवण्याची आज्ञा तिने टंकली. शेवटची कळ तेवढी राहिली होती. तिचं बोट त्या कळीवर टेकलेलं मला जाणवत होतं. वडिलांचं नाव वाचणार होतं, आणि तिचा सगळा प्रबंध त्याच क्षणी खोटा होणार होता.

सुबराव उठून तिच्यामागे उभे राहिले. "खोडू नको गं. लिवल्यालं जात न्हाय म्हणून तूच समद्यांस्नी सांगितलंस. आता बापासाठी ते खोटं पाडू नको."

मग त्यांनी सांगितलं आणि तिने लिहिलं : 'नोंद क्रमांक एकशे त्रेसष्टमधील साडी हातमागावरची नाही. ती यंत्रमागावर विणलेली आहे. चुकीची नोंद मी केली होती. सुबराव, शहापूर.' ही झाली एकशे अडुसष्टावी नोंद. ती निघाली आणि तिन्हीकडून 'मिळाली' असं उत्तर आलं. इतकी जड नोंद मी त्याआधी कधी पाठवली नव्हती, आणि इतक्या अभिमानाचीही.

एकशे ऐंशी साड्या झाल्या नाहीत. एकशे बहात्तरच झाल्या. सुवर्णाने प्रबंधात तो कमी आकडा लिहिला, आणि एकशे त्रेसष्टवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं. वडिलांना विचारून त्यांचं नावही घातलं.

शेवटच्या तोंडी परीक्षेला विणकर दाटीवाटीने बसले होते. मला टेबलावर मांडलं होतं. बाहेरगावच्या परीक्षकांनी नेमका तोच प्रश्न विचारला : खोटं आत येऊ शकत असेल, तर या साखळीचा उपयोग काय? सुवर्णाने सांगितलं की साखळी पुसू देत नाही, पण खरं-खोटं तिला कळत नाही. ते माणसांनीच पाहायला हवं. म्हणून आता प्रत्येक नोंदीआधी शेजारचा एक विणकर माग पाहून सही करतो. परीक्षकांनी मागे वळून विणकरांना कन्नडमध्ये विचारलं, तुम्हाला काय वाटतं? अंजनी आक्कांनी त्यांना कन्नडमध्येच उत्तर दिलं, की आपलं लिहिलेलं कायम राहणार हे कळल्यावर माणूस लिहिण्याआधी दोनदा विचार करतो. परीक्षकांनी ते वहीत टिपून घेतलं. तासाभराने सुवर्णा डॉक्टर झाली, आणि सुबराव भर सभेत डोळे पुसत बसले.

नंतर महाविद्यालयात भंगाराची यादी झाली आणि तीत माझाही क्रमांक आला. सोसायटीने अर्ज करून मला मागून घेतलं. आता मी शहापुरात राहतो. दिवसभर मागांची खटखट ऐकतो. परवा वडगावची सात घरं नाव घालायला आली, तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नव्हती.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात पडला असेल, तर फेकण्याआधी एकदा त्याचं झाकण उघडून पाहा. कदाचित एक सेल आणि थोडा ब्रश, एवढ्यावर तो जागा होईल. आणि तो जागा झाला की त्याच्यात जे लिहाल ते खरं लिहा. आम्ही यंत्रं फार भाबडी असतो. तुम्ही जे सांगाल, ते आम्ही खरं मानून जपतो.