सहा नंबरचे बूट

"पाच नंबर," रेश्मा तिसऱ्यांदा म्हणाली, आणि हेतलबेनने तिसऱ्यांदा तिच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघितलं.

शहापूरच्या बाजारातलं हे दुकान हेतलबेनच्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. पळायचे बूट दाखवायला बाई पुढे आली की नवी गिऱ्हाइकं जरा बिचकतात. रेश्माला उलट बरं वाटलं होतं. पण मोजा काढा म्हटल्यावर तिने उगाच पिशवी आवरली, कडेवरच्या तानीच्या फ्रॉकचा बंद बांधला आणि मग मोजा काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं होतं.

"कॉलेजला होते तेव्हा पाचच लागायचा."

"तेव्हा ही होती का?" हेतलबेनने हनुवटीने तानीकडे दाखवलं. "पोर झाल्यावर पाय वाढतो, ताई. माझा पण वाढला. लग्नातल्या मोजड्या अजून कपाटात पडल्यात. उभ्या राहा बघू. बसून माप नाय घेत मी."

लाकडी पट्टीवर पाय ठेवला. सहा. रेश्माने वाकून स्वतः बघितलं, पाय उचलला, पुन्हा ठेवला. सहाच. मुरबाडच्या कॉलेजातून ती बी.एस्सी. झाली होती. आकडा समोर असला की तिला वाद घालता येत नसे. पोटावरचा टाका, गळलेले केस, जरा खुट्ट झालं की उडणारी झोप, हे सगळं तिने दोन वर्षांपूर्वीच्या बाळंतपणाच्या नावावर टाकलं होतं. पायांचं तिला कुणी बोललंच नव्हतं.

वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा ती पास झाली होती. आता पळायची परीक्षा राहिली होती. डांबरी रस्त्यावर तीन किलोमीटर, महिनाभराने. वयाच्या अटीत बसणारी ही तिची शेवटची भरती. नवरा हरेश वाशिंदच्या कंपनीत शिफ्टला जायचा. तो म्हणाला होता, तू फक्त टाइम काढ, बाकीचं मी बघतो. टाइम निघत नव्हता. कितीही जीव तोडून पळालं तरी सोळा मिनिटांच्या खाली यायचं नाव नाही, आणि आठवडाभर उजवी नडगी ठणकत होती.

हेतलबेनने दोन जोड पुढे ठेवले. एक पातळ तळाचा, हातात घेतला तर वजनच लागू नये असा. भरतीची तयारी करणारी मुलं हाच नेतात, ती म्हणाली. दुसऱ्याचा तळ चांगला तीन बोटं जाड, पांढराशुभ्र, पावासारखा फुगलेला. रेश्माचा हात पातळ जोडाकडे गेला. जाड बूट घालून गावातून जायचं म्हणजे आठ दिवस लोकांच्या तोंडाला विषय.

"जुने आणलेत ना? द्या इकडे."

हेतलबेनने जुने बूट उलटे केले आणि शेजारी शेजारी धरले. डाव्याचा तळ सगळीकडून सारखा झिजला होता. उजव्याचा बाहेरचा काठ मात्र पार आतलं कापड दिसेपर्यंत गेला होता.

"कुठे पळता तुमी?"

घर डोळखांबच्या रस्त्याला, रेश्माने सांगितलं. अंगणातून निघायचं आणि ओढ्यावरच्या मोरीपर्यंत जाऊन परत यायचं. मोरी दोनशे मीटरवर. अशा साडेसात फेऱ्या मारल्या की तीन किलोमीटर होतात.

"मोरीच्या पुढे रस्ता नाय का?"

"आहे. पुढे वळण आहे."

"मग?"

"घर दिसत नाही."

हेतलबेनने बुटाच्या झिजलेल्या काठावरून अंगठा फिरवला. "घर उजव्या अंगाला. जाताना सारखं उजवीकडून मागे बघता तुमी."

तिने हे विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

श्रावणात तानीला ताप चढला होता आणि त्या तापात आकडी आली होती. रेश्मा त्या वेळी मागच्या दारी कपडे पिळत होती. आत आली तेव्हा सासूने पोरीला मांडीवर कुशीला वळवून धरलं होतं आणि पोरीचे डोळे पांढरे झाले होते. लहान मुलांना होतं असं, मोठी झाली की थांबतं, डॉक्टर म्हणाले. नंतर एकदाही झालं नाही. पण त्या दिवसापासून पोर नजरेआड होईल असं एकही काम रेश्माने केलं नव्हतं. पळताना तिचे पाय पुढे जात आणि मान मागे. परत येताना तुटक्या बुटांचा पट पट आवाज लांबूनच यायचा आणि तानी टाळ्या पिटायची. "आई पट पट." तेवढं ऐकलं की पुढची फेरी.

"जाडच घ्या," हेतलबेन म्हणाली. "नडगी दुखते त्यांनी डांबरावर पातळ घालू नये. दणका हा बूट खाईल. बाकीचं बुटाच्या हातात नाय." मग तिने तानीला उचलून गल्ल्याशेजारी बसवलं, तिच्या हातात बूट चढवायचं शूहॉर्न दिलं आणि रेश्माला रस्त्यावर पाठवलं. विजेच्या खांबापर्यंत पळून या, पोर कुठे जात नाय.

रेश्मा पळाली. पायाखाली काही मऊ दबत होतं आणि परत वर येत होतं. बोटांना पुढे जागा होती. खांब येईपर्यंत तिने दोनदा मागे वळून बघितलं. हेतलबेन पायरीवर उभी राहून बघत होती.

"मान सोडून सगळं बरोबर बसलंय," ती म्हणाली आणि खोका बांधायला लागली.

घरी चंदाने, सासूने, बूट हातात घेऊन तळ दाबून बघितला. तिचे स्वतःचे पाय शेताच्या बांधावर जन्मभर अनवाणी फिरलेले. टाचांच्या भेगांत दोऱ्याचं रीळ मावेल, असं तीच हसत सांगायची.

"गादीच हाय गो ही. हिच्यावर पळायचा का निजायचा?"

रेश्मा हसली. बूट बाजूला ठेवून वालाच्या शेंगा सोलायला बसली. पाचसहा शेंगा झाल्यावर म्हणाली, "आई, उद्या मोरीच्या पुढे जाईन म्हणते. वळणापलीकडे."

"जा ना. मी काय तुला बांधलीय?"

सुपातल्या दाण्यांतून चंदाचा हात फिरत राहिला. तानी दोघींच्या मधे सालं उडवत होती.

"त्या दिवशी तू शेवटचा बघितलास," चंदा जरा वेळाने म्हणाली. "मी पयल्यापासून बघितला. मांडी माजी व्हती. मी अजून इथंच हाय ना?"

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर रेश्मा मोबाइलवर वेळ लावून निघाली. मोरी आली. मान सवयीने उजवीकडे फिरली. अंगणात चूल पेटली होती, तिच्याशेजारी लाल फ्रॉक. मग वळण आलं. पुढे दोन्ही बाजूंना साग, आणि रस्ता नुसता सरळ. तिने एकदा मागे बघितलं तर तिथेही सागच होते. मग तिने बघितलं नाही. दीड किलोमीटरवरच्या दगडाला हात लावून ती फिरली. नडगी दुखत नव्हती. मानेचा उजवा स्नायू मात्र उगाचच ताठला होता, रोजचं काम नसल्यासारखा.

मोरीवरून घर दिसलं तेव्हा ती रोजच्यापेक्षा जोरात आली आणि कुंपणाशी थांबली. कुणाला कळलं नाही. नव्या बुटांना आवाजच नव्हता.

तानी रस्त्याकडे पाठ करून बसली होती. समोर जुना पाच नंबरचा बूट, त्यात ती वालाच्या शेंगा एकेक करून भरत होती. बूट भरला की उलटा करायची, पुन्हा भरायची. चंदाने मान वर केली, सुनेला बघितलं आणि भाकरी उलटली.

हाक मारली असती तर पोर वळली असती. रेश्माने मारली नाही. कुंपणाच्या काठीवर हात टेकून ती तशीच उभी राहिली. श्वास हळूहळू खाली येत होता. हातातल्या मोबाइलवरची वेळ थांबवायची राहून गेली होती. आकडे पुढे पळत होते.