उरलेली मासिकं

बाबांना अग्नी मी दिला. माझा चुलतभाऊ मंदार धोतर नेसून तयार होता, पण आई म्हणाली, "सावनी देईल," आणि व्यंकटकाकांनी त्याला बाजूला घेतलं.

दहाव्याच्या आत जर्मनीहून मेल आली. पीएच.डी.साठी माझी निवड झाली होती. विषय हवा होता तोच: प्रोग्राम चुकणार नाही, हे नुसतं चालवून पाहायचं नाही, गणितानं सिद्ध करायचं. वाळूज एमआयडीसीतली नोकरी सांभाळून मी कितीतरी ठिकाणी अर्ज केले होते. असा विषय शिकवणारी माणसं कमी, जागा त्याहून कमी. बाबा लोकांना सांगायचे, "आमची सावनी कॉम्प्युटरच्या चुका काढते. माझ्या काढून संपल्या."

तेराव्यानंतर काका पुंडलिकनगरला आमच्या घरी आले.

"जिनं अग्नी दिला, तिनं वर्षभर मासिकं करायची. दर महिन्याला तिथीवर श्राद्ध. आपल्याकडं असंच आहे. हौस तुझी होती."

"हौस नव्हती, काका."

"मग मंदारला करू द्यायचं होतंस."

"मी करतो ना, ताई," मंदार दारातून म्हणाला. "तू जा. तिकडं बर्फात कावळे तरी येतात का?"

"गाढवा, चप्पल काढ आधी," काका म्हणाले. "एकानं सुरू केलेलं दुसऱ्यानं पुरं करायचं, हे काय क्रिकेट आहे?"

वर्षानंतर आले तर चालेल का, असं मी प्राध्यापकांना विचारलं. त्यांनी फार सौम्यपणे उत्तर दिलं. प्रकल्पाचा निधी याच वर्षीचा होता. जानेवारीपर्यंत ते थांबू शकत होते, पण होकार ऑक्टोबरअखेर हवा होता.

मी गुरुजींना फोन केला. ते हसले. "अगं, शास्त्रात सोय आहे. उरलेली सगळी मासिकं एका सकाळी ओळीनं करता येतात. परदेशी जाणारे हल्ली तेच करतात. काकांना मी सांगतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. ती वड्यांसाठी भिजवलेली डाळ उपसत होती. दुसऱ्या दिवशी पहिलं मासिक होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "जा तू."

थोड्या वेळानं म्हणाली, "सगळी एकाच सकाळी?"

"हो."

"म्हणजे पुढच्या महिन्यापासून तुझ्या बाबांना जेवायला बोलवायचं नाही."

काकांसाठी माझ्याकडं उत्तरं होती. नियमाला नियमानं उत्तर देता येतं. आईनं नियम सांगितलाच नव्हता.

"आई, तसं पाहिलं तर..."

"मी अडवत नाहीये गं. फक्त एवढ्यात नको. एखादं मासिक नीट होऊ दे, मग पाहू."

पहिलं झालं. कावळा लगेच शिवला, आणि त्या दिवशी आई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. दुसऱ्या महिन्यात तिनं स्वतः बाजारात जाऊन बाबांच्या आवडीची कारली आणली. मी गुरुजींनी सांगितलेल्या सोयीचा विषय काढला. "पुढच्या वेळी पाहू," ती म्हणाली, आणि कारल्यांना मीठ लावून ती बाजूला ठेवली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी मी प्राध्यापकांना लिहून पाठवलं, की माझी जागा दुसऱ्या कुणाला द्यावी. तासाभरात आभाराची मेल आली. यादीतला पुढचा विद्यार्थी वाट पाहत होता.

कुणी चौकशीला आलं, की आई सांगते, "मी तर तिला जा, असंच म्हणत होते." ते खरं आहे. मी मान हलवते आणि पाहुण्यांसाठी चहा टाकायला उठते.